विम्याचा दावा म्हणजे येणे, मदत नव्हे

सरकारी मदतीच्या यादीत नाव लागावे म्हणून तलाठ्याच्या मागे फिरणारा शेतकरी आणि घराच्या विम्याचा दावा घेऊन कंपनीच्या शाखेत गेलेला शेतकरी, या दोघांना शेजारी शेजारी उभे केले तर कोण कशासाठी आला आहे ते ओळखू येणार नाही. दोघांचीही मान खाली, दोघांच्याही हातात झेरॉक्सची पिशवी आणि दोघांच्याही तोंडी एकच वाक्य, "साहेब, काहीतरी बघा." पहिल्याचे आम्ही समजू शकतो. दुसऱ्याचे मात्र समजत नाही. त्याने हप्ता भरलेला आहे. कंपनीने तो मोजून घेतलेला आहे. त्या दिवसापासून घराची जोखीम कंपनीच्या डोक्यावर गेली. घर पडले, जळले, वाहून गेले की कंपनी ऋणको आणि शेतकरी धनको. धनकोने ऋणकोच्या दारात हात जोडून उभे राहायचे, ही रीत कुठली?

बँकेचा हप्ता आपण थकवला तर बँक कशी वागते ते या जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. तारीख घालून नोटीस येते. किती मुद्दल, किती व्याज, कोणत्या करारान्वये, किती दिवसांत, सगळे लिहिलेले असते. वसुली अधिकारी दारात येऊन "दादा, काहीतरी बघा" असे म्हणाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. विम्याचा दावा आपण नेमका तसाच केला पाहिजे. तारीख घालून, लेखी, करारातले कलम पुढे करून, पोच घेऊन.

मदत आणि विमा यांची आपल्याकडे जी गल्लत होते तिला कारण आहे. घर पडले की आपल्याला पहिला आठवतो तो पंचनामा, आणि पंचनामा म्हटले की सरकार. केंद्र सरकारने आपत्ती मदतीचे जे निकष २०२२ मध्ये २०२५-२६ पर्यंतच्या काळासाठी ठरवून दिले, त्यांत पूर्ण पडलेल्या घराला सपाट प्रदेशात १,२०,००० रुपये आणि डोंगराळ भागात १,३०,००० रुपये धरले होते. अंशतः पडलेल्या घराचे नुकसान किमान १५ टक्के असेल तर पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये. चार हजारांत आज भिंत तर सोडाच, भिंतीचा राडारोडा उचलून होत नाही. शिवाय ते १५ टक्के मोजायचे कोणी, तर ज्याच्या सज्जात चार गावे आहेत आणि ज्याला दोन दिवसांत यादी द्यायची आहे त्या तलाठ्याने. (हल्ली त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे. नाव वाढले, सज्जे कमी झाले नाहीत.) ही मदत जरूर घ्यावी, ती आपल्याच करातून येते. पण ती मिळाली म्हणून विम्याचा करार संपत नाही, आणि ती मिळाली नाही म्हणून विम्याचा दावा बुडत नाही. दोन्ही खाती वेगळी आहेत.

आमचा तर कशाला विमा, असे म्हणणाऱ्यांनी पुढचे जरा लक्ष देऊन वाचावे. गेल्या काही वर्षांत ज्यांनी घर बांधायला किंवा वाढवायला बँकेचे कर्ज काढले, त्यांतल्या अनेकांच्या घराचा विमा उतरवलेला आहे आणि त्यांना त्याचा पत्ता नाही. कर्ज देताना बँक तारण घराचा विमा उतरवून घेते, हप्ता आपल्या खात्यातून वळता करते आणि पॉलिसीचा कागद स्वतःच्या कपाटात ठेवते. पासबुकात एक बारीकशी नोंद पडते, तीही इंग्रजी अक्षरांत. घर पडते, शेतकरी तलाठ्याकडे धावतो, वर्षभराने कधीतरी बँकेतला शिपाई सांगतो की तुमचा तर विमा होता. तोवर भिंत पुन्हा उभी राहिलेली असते आणि पुरावा मातीला मिळालेला असतो.

म्हणून पहिले काम घर पडायच्या आधीचे आहे. पासबुक उघडून मागच्या तीन वर्षांतल्या कपाती बघा. विम्याची नोंद दिसली तर शाखेला एका ओळीचे पत्र द्या की माझ्या घराच्या पॉलिसीची प्रत मला द्यावी. ती तुमची पॉलिसी आहे, हप्ता तुमचा आहे. प्रत हातात आली की पाच गोष्टी वाचा: नाव कोणाचे, घर कोणते, रक्कम किती, मुदत कधी संपते आणि बँकेचा हक्क कितीचा. बँकेचे नाव पॉलिसीवर असेल तर दाव्याचे पैसे आधी बँकेकडे जातात, हे ध्यानात ठेवावे. कर्ज दोन लाख उरले असेल आणि दावा पाच लाखांचा असेल तर वरचे तीन लाख तुमचे आहेत. ते परस्पर दुसऱ्या थकीत पीककर्जात जमा करून टाकण्याचा मोह एखाद्या शाखाधिकाऱ्याला होऊ शकतो. त्याला आधीच लेखी कळवावे, की घराचे पैसे घरालाच लागतील.

नावाची भानगड तर आपल्याकडे घरोघरी आहे. घर आजोबांच्या नावे, वीजबिल चुलत्याच्या नावे, कर्ज मुलाच्या नावे आणि पॉलिसीही मुलाच्या. घरकुल योजनेत घर बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर असते आणि विमा मात्र बाप्याच्या नावे उतरवलेला असतो. शांततेच्या काळात याची कोणाला अडचण होत नाही. दाव्याच्या दिवशी मात्र कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते, की ज्याच्या नावे पॉलिसी त्याचा या घराशी संबंध काय? ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, असल्यास स्वामित्व योजनेतून मिळालेली मालमत्ता पत्रिका, वीजबिल आणि वारसाची नोंद हे सगळे एका ओळीत आणून ठेवा. स्वामित्व योजना २०२० पासून चालू आहे, ड्रोनने गावठाणाची मोजणी झालेल्या गावांत पत्रिका वाटल्या गेल्या. ज्यांनी ती अजून उचलली नाही त्यांनी उचलावी. सातबाऱ्यावर जीव टाकणारे आपण, ज्या जागेवर रोज पाठ टेकतो तिचा कागद मात्र कधी मागत नाही.

आता पॉलिसीकडे वळू. विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना घरासाठी एक ठरावीक पॉलिसी विकणे बंधनकारक केले. तिचे नाव भारत गृह रक्षा. कंपनी कोणतीही असो, मूळ अटी सारख्या. आग, वीज पडणे, भूकंप, वादळ, पूर, पाणी शिरणे, दरड कोसळणे, दंगल, पाण्याची टाकी फुटणे हे सारे तिच्यात येते. बाहेरची वस्तू घरावर आदळून झालेले नुकसानही येते. म्हणजे वळणावर सुटलेला ट्रॅक्टर भिंतीत घुसला, बांधावरचे झाड छपरावर पडले किंवा शेजाऱ्याची भिंत आपल्या स्वयंपाकघरावर कोसळली, तर ते सुद्धा. शेजाऱ्याच्या भिंतीवरून आपल्याकडे दोन दोन पिढ्या बोलणे बंद होते, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

या पॉलिसीत दोन गोष्टी शेतकऱ्याच्या बाजूच्या आहेत आणि त्या माहीत नसल्याने पैसा बुडतो. पहिली गोष्ट अशी. जुन्या आगीच्या पॉलिसीत घर आठ लाखांचे आणि विमा चार लाखांचा असला तर दोन लाखांच्या नुकसानीला एकच लाख मिळे, कारण अर्धाच विमा उतरवला म्हणून अर्धीच भरपाई, असा कंपनीचा हिशोब. बँका तर कर्जाच्या रकमेएवढाच विमा उतरवत, त्यामुळे ही कात्री हमखास लागायची. भारत गृह रक्षा पॉलिसीत ही कात्री काढून टाकली आहे. विम्याच्या रकमेच्या मर्यादेत नुकसान पूर्ण द्यायचे. तरीही एखाद्या सर्व्हेअरने जुन्या सवयीने कात्री चालवली तर त्याला पॉलिसीचे पान दाखवावे. दुसरी गोष्ट, घराच्या इमारतीचा विमा उतरवला की आतल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाख रुपये, संरक्षण आपोआप मिळते. पाच लाखांचे घर असेल तर लाखाचे सामान. भांडी, कपडे, टीव्ही, फ्रीज, कपाट. दावा करताना आपण भिंती मोजतो आणि सामान सोडून देतो. राडारोडा काढण्याचा खर्चही दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत मागता येतो.

विम्याची रक्कम ठरते ती बांधकामाच्या खर्चावर. जागेच्या किमतीवर नाही. जागा जळत नाही. त्यामुळे गावात जागेला भाव नाही म्हणून कमी रकमेचा विमा उतरवणे हा शुद्ध तोटा आहे. गवंडी, सिमेंट, सळई, वाळू यांचे दर गावात काही स्वस्त नाहीत, वाहतुकीमुळे उलट चढेच असतात.

पण ही पॉलिसी लिहिताना लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर घर होते ते शहरातले. चार भिंती, एक कुलूप, आत सोफा. आपले घर तसे नाही. आपल्या घरातच कोठार आहे, घरालाच लागून गोठा आहे, पडवीत खताच्या गोण्या आणि माळ्यावर बियाणे आहे. घर जळते तेव्हा त्यातली वीस पोती सोयाबीनही जळते, आणि कुटुंबाचे वर्ष त्या पोत्यांत असते. कंपनीच्या दृष्टीने मात्र विक्रीसाठी साठवलेला माल हे घरसामान नव्हे, तो व्यवसायाचा साठा. गोठा राहण्यासाठी नाही म्हणून तो घरात धरला जाईलच असे नाही. जनावरांचा विमा वेगळा. दागिन्यांसारख्या मौल्यवान वस्तूंसाठी वेगळे संरक्षण मागून घ्यावे लागते. चोरीचे तर विशेषच आहे. पूर, आग अशा घटनेमुळे घर उघडे पडले आणि त्यानंतर सात दिवसांत चोरी झाली तरच ती या पॉलिसीत बसते; एरवीच्या घरफोडीला वेगळा विमा लागतो. गवत, पाचट, बांबू, ताडपत्री यांच्या भिंती किंवा छप्पर असले की पॉलिसीच्या भाषेत ते कच्चे बांधकाम. हे सगळे विमा उतरवताना अर्जात स्पष्ट लिहून घेतले पाहिजे: भिंत कशाची, छप्पर कशाचे, गोठा धरला की नाही. एजंट "सगळं येतं हो" म्हणाला, हा पुरावा होत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. जुन्या प्रमाणित आगीच्या पॉलिसीत घर ३० दिवसांपेक्षा जास्त काळ बंद राहिले तर संरक्षण थांबेल अशी अट होती. दिवाळीनंतर घराला कुलूप लावून पाच पाच महिने कारखान्याच्या तळावर राहणाऱ्यांनी आपल्या पॉलिसीत याबद्दल काय लिहिले आहे ते आधी विचारावे आणि घर बंद ठेवणार असल्याचे कंपनीला लेखी कळवून जावे.

घर पडल्यावर काय? पहिल्या दिवशी पाणी ओसरायच्या आत, राख निवायच्या आत, कंपनीला कळवा. पीक विम्यात ७२ तासांची सवय आपल्याला लागली आहे, तीच इथे वापरा, किंबहुना त्याच दिवशी फोन करा. फोनवर तक्रारीचा क्रमांक मिळतो, तो दाराच्या चौकटीवर खडूने लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी लेखी पत्र, शाखेचा शिक्का मारलेली पोच. दाव्याचा अर्ज ३० दिवसांच्या आत गेला पाहिजे. पुरात अडकल्याने, दवाखान्यात असल्याने उशीर झाला तर त्याचे कारण लिहा. खऱ्या कारणाने झालेल्या उशिराचे निमित्त करून दावा फेटाळू नये असे विमा प्राधिकरणाने २०११ मध्येच कंपन्यांना बजावले आहे.

फोटो काढा. लेकराच्या मोबाईलवर काढलेलेही चालतात. पडलेली भिंत, तिच्यावरची पाण्याची रेघ, भिजलेले सामान, घरासमोरचा रस्ता, शेजारचे घर. पाण्याच्या रेघेशेजारी घरातले कोणीतरी उभे करून फोटो काढला की किती फूट पाणी होते ते वेगळे सांगावे लागत नाही. फोटो काढल्याशिवाय ढिगाऱ्याला हात लावू नका, पण फोटो काढून झाल्यावर उरलेले छप्पर ताडपत्रीने झाका. नुकसान वाढू न देणे ही पॉलिसीचीच अट आहे. ताडपत्रीची, मजुरीची पावती ठेवा.

आणि आता पंचनामा. आमच्याकडे येणाऱ्या कागदांत सर्वांत जास्त दावे कुठे मरतात तर इथे. महसुली पंचनाम्याची एक ठरलेली भाषा आहे. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी, आणि अतिवृष्टी झाली की तलाठी लिहितो, "सततच्या पावसामुळे जुन्या घराची पडझड." सरकारी मदतीला हे वाक्य पुरते. विमा कंपनीला हेच वाक्य नकार द्यायला पुरते. कारण पॉलिसीत वादळ आहे, पूर आहे, पाणी शिरणे आहे. नुसता पाऊस नाही. ओल मुरून मुरून जुनी भिंत आपोआप खचली, हे कंपनी झिजेच्या खात्यात टाकते. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात आणि सोलापूर भागात जे पाणी चढले त्यानंतरचे एक प्रकरण आमच्यापुढे आले. घरात दोन दिवस कमरेइतके पाणी होते, ओढ्याने पात्र सोडले होते, मागची भिंत पाण्याच्या लोंढ्याने आत आली होती. पंचनाम्यात लिहिले होते तेच ठरलेले वाक्य. कंपनीने दोन ओळींचे पत्र पाठवून दावा नाकारला. मग त्या कुटुंबाने ग्रामपंचायतीकडून ओढ्याचे पाणी वस्तीत शिरल्याचा दाखला घेतला, भिंतीवरच्या रेघेचे फोटो जोडले, शेजारच्या तीन घरांचे जबाब जोडले आणि फेरविचाराचा अर्ज केला. दावा पुन्हा उघडला गेला. घर तेच, पाणी तेच, फक्त कागदावरचे वाक्य बदलले.

यात खोटे काही लिहायचे नाही. खोटे लिहिणाऱ्याचा दावा कंपनी फेटाळते आणि तो फेटाळलाच पाहिजे, त्याच्यामुळे शेजारच्या खऱ्या माणसाकडेही संशयाने पाहिले जाते. पण जे घडले ते पूर्ण लिहून घेणे हा आपला हक्क आहे. पाणी कुठून आले, किती फूट चढले, किती वेळ राहिले, वाऱ्याने पत्रे कोणत्या बाजूला उडाले, भिंत आत पडली की बाहेर. पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी तो मोठ्याने वाचून घ्या. पंच म्हणून सही करणाऱ्यांनीही वाचावा. कोऱ्या कागदावर सह्या करणारे पंच आपल्या गावात कमी नाहीत.

आगीच्या प्रकरणांत कागद वेगळे. पोलिसांचा पंचनामा, अग्निशामक दल आले असेल तर त्यांचा दाखला, विजेमुळे आग लागल्याचा संशय असेल तर विद्युत निरीक्षकाकडे लेखी अर्ज. गॅस सिलिंडरचा स्फोट असेल तर वितरकाला ताबडतोब लेखी कळवा. सरकारी तेल कंपन्यांनी अशा अपघातांसाठी वेगळा सामूहिक विमा उतरवलेला असतो, त्यात मनुष्यहानीबरोबर घराच्या नुकसानीचाही समावेश आहे, आणि त्यासाठी ग्राहकाला वेगळा हप्ता भरावा लागत नाही. किती घरांनी त्याचा दावा केला, हे पुढच्या बैठकीत प्रत्येक तालुक्याने विचारून सांगावे.

सर्व्हेअर येतो तेव्हा गावात त्याचा थाट तहसीलदारासारखा होतो. चहा होतो, खुर्ची मांडली जाते. चहा जरूर द्यावा. पण तो कंपनीने नेमलेला, नुकसानीचा अंदाज काढणारा माणूस आहे, निकाल देणारा न्यायाधीश नाही, एवढे भान ठेवावे. त्याच्यासमोर गावच्या गवंड्याचे किंवा अभियंत्याचे लेखी अंदाजपत्रक ठेवा. तो काय मोजतो ते तुम्हीही टिपून घ्या. "घसारा" म्हणून त्याने काही कापले तर कोणत्या कलमाने कापले ते लेखी विचारा. त्याच्या अहवालाची प्रत मागा. २०२४ मध्ये विमा प्राधिकरणाने कंपन्यांना जी मुदत घालून दिली ती पाठ करावी अशी आहे: दावा कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल मिळाल्यापासून ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा. कागद अपुरे आहेत एवढ्याच कारणावरून दावा फेटाळायचा नाही, असेही त्याच वर्षी सांगितले गेले. महापुरात हजारो घरे एकदम पडतात तेव्हा ही मुदत पाळली जाते का, ते ज्यांनी भोगले त्यांना विचारा. पण कर्जाची मुदत पाळायला आपल्याला कोणी महापुराची सवलत सहजी देत नाही, तेव्हा कंपनीला तरी का द्यावी? सोळाव्या दिवशी पत्र गेले पाहिजे.

सर्व्हेअरचा अहवाल हा शेवटचा शब्द नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये न्यू इंडिया अशुरन्स विरुद्ध प्रदीप कुमार या प्रकरणात स्पष्ट केले आहे. तो महत्त्वाचा पुरावा आहे, पण त्याच्याविरुद्ध पुरावा देता येतो.

यानंतर येतो तो कागद, ज्याच्यावर घाईत सही होते. त्याला डिस्चार्ज व्हाउचर म्हणतात. चार लाखांच्या दाव्यावर कंपनी दीड लाख देऊ करते आणि म्हणते, इथे सही करा, "पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली." दिवाळी तोंडावर आलेली, पोरे शेजाऱ्याच्या ओसरीत झोपलेली. माणूस सही करतो आणि मग आपले हात कापून दिले असे समजून गप्प बसतो. आमचे सांगणे असे. गरज असेल तर पैसे घ्या, लाजू नका. पण सहीशेजारी स्वतःच्या हाताने लिहा, "रक्कम अमान्य असून हरकत राखून स्वीकारली", आणि त्याच आठवड्यात तशा अर्थाचे पत्र कंपनीला द्या. ज्यांची सही होऊन गेली त्यांनीही धीर सोडू नये. युनायटेड इंडिया विरुद्ध अजमेर सिंग कॉटन मिल्स या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये सांगितले, की व्हाउचरवर सही केली एवढ्यानेच ग्राहकाचा हक्क संपत नाही. ती सही फसवणुकीने, दबावाने किंवा तशाच प्रकाराने घेतली गेल्याचे त्याने दाखवले पाहिजे. ते दाखवायचे तर त्याच आठवड्यातले पत्र कामाला येते. वर्षाने आठवलेला दबाव कोणी मानत नाही.

नकार आला तर तो लेखी घ्या. कोणत्या कलमाखाली नाकारले ते त्यात असले पाहिजे. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज, त्याची प्रत विमा प्राधिकरणाला. १५५२५५ या क्रमांकावर फोन करूनही तक्रार नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही तर विमा लोकपाल. लोकपालाकडे फी नाही आणि वकील चालत नाही. वकील चालत नाही हे वाचून काहींना काळजी वाटेल, आम्हाला हायसे वाटते. ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत जायचे. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक आहे. पुणे आणि मुंबई येथे कार्यालये आहेत आणि तक्रार टपालाने किंवा संगणकावरून पाठवता येते.

दुसरी वाट जिल्हा ग्राहक आयोगाची. १९८६ च्या कायद्याच्या जागी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आला, तो जुलै २०२० पासून लागू आहे. आता ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करू शकतो, कंपनीचे मुख्य कार्यालय कुठे आहे त्याच्याशी देणेघेणे नाही. आयोगाची पायरी ठरते ती भरलेल्या मोबदल्यावर, म्हणजे विम्यात हप्त्यावर. आपला हप्ता काही शे नाहीतर काही हजार, त्यामुळे दावा कितीही लाखांचा असला तरी काम जिल्ह्यातच चालते आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. मुदत दोन वर्षांची. कज्जा लांबतो हे खरे आहे. म्हणूनच आधी लोकपालाकडे जावे असे आमचे मत आहे.

आता सरकारला दोन शब्द. २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यक्तिगत आयुर्विमा आणि आरोग्यविमा यांच्या हप्त्यावरचा वस्तू व सेवा कर काढून टाकला गेला. चांगले झाले. घराच्या विम्याला मात्र ती सवलत मिळाली नाही, तिथे १८ टक्के कर तसाच आहे. म्हणजे जो शेतकरी उद्या सरकारच्या दारात मदतीला यायचे टाळून स्वतःच्या पैशाने जोखीम उतरवतो, त्याच्याकडून सरकार शंभराला अठरा रुपये घेते. किल्लारीचा भूकंप १९९३ साली झाला. दगडमातीच्या जड भिंती आणि माळवदे झोपलेल्या माणसांवर आली, हजारो माणसे गेली आणि पुनर्वसनासाठी राज्याला जागतिक बँकेपर्यंत जावे लागले. २०१९ आणि २०२१ चे महापूर आले. प्रत्येक वेळी विमा नसलेल्या घरांचा बोजा शेवटी सरकारवरच आला. तरीही घराच्या विम्यावर कर लावण्यात सरकारला काय शहाणपण दिसते ते आम्हाला कळत नाही.

जिल्हा बैठकीपुढे म्हणून आम्ही तीन ठराव ठेवत आहोत. घराच्या विम्यावरचा कर काढावा. शेतकऱ्याच्या घराला लागून असलेला गोठा आणि घरातले धान्य घराच्याच पॉलिसीत धरणारे संरक्षण कंपन्यांनी द्यावे. त्यासाठी वाजवी जादा हप्ता घेण्यास आमची हरकत नाही, फुकटचे आम्हाला नको. आणि पॉलिसी, दाव्याचा अर्ज व नकाराचे पत्र मराठीत मिळावे, कारण ज्याच्यावर सही करायची ते सही करणाऱ्याला वाचता आले पाहिजे.

बैठकीला येताना प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावातील निदान दोन घरांच्या पॉलिसीची आणि त्या घरांच्या नमुना ८ ची प्रत बरोबर आणावी. ज्यांचे दावे नाकारले गेले आहेत त्यांनी नकाराचे पत्र, पंचनामा आणि फोटो आणावेत; नकाराला वर्ष पूर्ण व्हायला आले असेल त्यांनी बैठकीची वाट न पाहता लगेच तालुका प्रमुखांना भेटावे. लोकपालाकडच्या अर्जाचे कोरे नमुने बैठकीच्या जागी ठेवलेले असतील आणि जेवणाच्या सुट्टीत ते भरून देण्यासाठी दोन टेबले मांडली जातील.